सेनापतिणीचा नारळ

सूड वाईट असतो असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकाचंही कधी कुणी काही हिसकावून घेतलेलं नव्हतं. पोट भरलेलं, घर शाबूत, डोक्यावर पंखा फिरतोय, आणि मग म्हणायचं, जाऊ दे, सोडून दे, वरचा बघतोय. वरचा बघतोय हे मलाही ठाऊक आहे. तो नुसता बघतो, हीच तर पंचाईत आहे. आता या वयात मला कुणी कीर्तनाला नेलं आणि तिथे क्षमेवर निरूपण सुरू झालं, की मी गुडघे दुखतात म्हणून उठून बाहेर येते. गुडघे दुखतात हे खरं, पण उठते मी त्यासाठी नाही. तेव्हा हे प्रकरण कुणी कबुलीजबाब म्हणून वाचायला घेतलं असेल तर आताच पान उलटावं. मी जे केलं ते समजून-उमजून केलं, दिवसाढवळ्या केलं, अख्ख्या गावासमोर केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

आमचं घर दांडीला, किनाऱ्याच्या इतकं जवळ, की उधाणाच्या दिवसांत लाटेचा आवाज चुलीपाशी बसून ऐकू यायचा. अंगण म्हणजे सगळ्या बांबूच्या वलांड्या, आणि त्यांच्यावर ओळीने वाळत टाकलेले बोंबील. वारा सुटला की ते एकमेकांवर घासायचे आणि सुक्या पाल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज आणि तो वास यांच्यातच मी पाढे पाठ केले. शाळा तारापूरला. तिथे वाडीवाल्यांच्या मुली केसांत अबोली माळून यायच्या आणि माझ्या शेजारी बसायची पाळी आली की नाक मुरडायच्या. मी मग मुद्दाम दप्तरात सुका जवळा घेऊन जायची आणि मधल्या सुट्टीत त्यांच्यासमोर चघळत बसायची. हा माझा स्वभाव तेव्हापासूनचा. आय म्हणायची, ही पोर पोटातूनच हात कमरेवर ठेवून आली. आय स्वतः फार बोलायची नाही. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, त्यांच्यावर बोंबलाची चटणी ठेवून आम्हाला द्यायची, आणि टोपली डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला निघायची. तिकडे तेव्हा बांधकामांवर परमुलखातली माणसं यायला लागली होती. त्यांच्याशी ती मोडकंतोडकं हिंदी बोलायची, आणि घरी आल्यावर आम्हाला तेच हिंदी बोलून हसवायची. तिचं हसणं मी ऐकलं ते बहुतेक त्याच वेळी.

बाबा गेले ते काविळीने. दर्यातला माणूस, दर्याने कधी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही, आणि घरातल्या खाटेवर पिवळे होऊन गेले. मागे राहिलो आय, मी, आणि चड्डीची नाडीसुद्धा बांधता न येणारा माझा धाकटा भाऊ. आणि राहिली ती कव. कव म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. डोल जाळं लावायला समुद्रात खुंट रोवावे लागतात, आणि कुठल्या घराने कुठे खुंट रोवायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ती ठरलेली जागा म्हणजे त्या घराची कव. जमिनीवर शेताला बांध असतो तसा पाण्याला नसतो, तरी गावातल्या कुठल्याही माणसाला डोळे मिटून सांगता यायचं की ही अमक्याची, ती तमक्याची. कव असली की घर चालतं. स्वतःची माणसं नसली तरी दुसऱ्याला निम्म्या वाट्याने लावता येते. कव गेली की मग दुसऱ्याच्या अंगणात बोंबील निवडायला जायचं.

बाबांचा चुलतभाऊ दामूकाका. उंचापुरा, भरघोस मिशा, आवाज असा की या होडीवरून त्या होडीला हाक गेली पाहिजे. बाबांच्या तिरडीला खांदा देताना तो लहान मुलासारखा रडला, आणि ते रडणं खरं होतं हे मी त्याची दुष्मन असूनही सांगते. दिवसकार्य झाल्यावर तोच आयला म्हणाला, की वहिनी, कव रिकामी ठेवली तर कोनीतरी खुंट रोवील, पोर मोठा होईपर्यंत मी सांभालतो. आयला बरं वाटलं. पहिले काही दिवस आमच्या वाट्याची मासळी टोपलीभर यायची. मग अर्धी टोपली. मग पोरांच्या हातून एखादा पापलेट, सणाला पाठवावा तसा. आणि दिवाळीनंतर एकदा बंदरावर चारचौघांत काका म्हणाला, ‘आमच्या दोन्ही कवी’. आयने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी येऊन तिने टोपली खाली ठेवली आणि चुलीपुढे बसून राहिली. भात करपला तरी उठली नाही.

आमच्याकडे रीत अशी, की एक आख्खा मोसम कुणी दुसऱ्याच्या कवीवर जाळं लावलं आणि जमातीपुढे हरकत आली नाही, तर ती कव त्याची झाली. मोसम पावसाच्या तोंडावर संपतो. म्हणजे हरकत घ्यायची तर त्याआधी. हरकत घ्यायचीही रीत. तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या घरातला नारळ आणून, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यापुढे सगळ्यांसमक्ष ठेवायचा. त्याने नाही उचलला तर पंच दोन्ही बाजू ऐकून ठरवणार. त्याने उचलून कपाळाला लावला, तर तक्रार मान्य, जे मागितलं ते दिलं, विषय संपला. पण नारळ ठेवायला घरचा पुरुष लागतो. आय पाटलांकडे गेली. पाटील म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू, मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, बाय, मला सगलं दिसतं, पन बायकांचा नारल जमात धरीत नाय. आयने मुरब्याच्या मामाचं नाव काढलं. तर तो परगावचा, त्याची जमात वेगळी. धाकट्याच्या हाती नारळ द्यावा म्हटलं, तर त्याला मिसरूड फुटल्याशिवाय चालत नाही. म्हणजे अन्याय झालाय हे सगळ्यांना कबूल, फक्त तो बोलायला आमच्या घरात तोंड नाही. मला तोंड होतं, चांगलं भलंमोठं होतं, पण ते जमात धरीत नव्हती.

आता मास्तर. ते आमच्या शाळेत मराठी शिकवायचे, मूळचे पालघरजवळच्या कोळगावचे. अंगात सदैव इस्त्रीचा सदरा, आणि डोक्यात सदैव नाटक. परदेशातली फार जुनी शोकनाटकं त्यांनी भाषांतरांतून वाचली होती, आणि त्या वाचनावर त्यांनी स्वतः एक नाटक रचलं होतं. होळीला आमच्या गावात दरसाल नाटक व्हायचं, त्या साली हे करायचं ठरलं. गोष्ट साधी होती. एक राजा आपल्याच सेनापतीला दग्याने मारतो आणि त्याचा किल्ला घेतो. सेनापतीची बायको वर्षानुवर्षं वाट बघते, राजाच्या दरबारात दासी म्हणून शिरते, आणि शेवटी तबकातून विषाचा पेला नेऊन त्याला पाजते. उरलेलं विष स्वतः पिते. राजाचं काम दरवर्षीप्रमाणे दामूकाकाकडे. बाईचं काम दरवर्षी जो पुरुष करायचा त्याचा हात होडी ओढताना मोडला. मी तालमीत मागून वाक्यं सांगायला बसायची, मला आख्खं नाटक तोंडपाठ होतं. मास्तरांनी माझं नाव सुचवलं. गावात पोरीने रंगमंचावर उभं राहायचं हे कुणी ऐकलंही नव्हतं. मला वाटलं काकाच आधी नको म्हणेल. तर तो हसला आणि म्हणाला, करू दे की, घरचीच पोर हाय.

त्याने हो का म्हटलं असेल, यावर मी खूप डोकं खाजवलं. कारण मास्तरांनी आम्हाला तेच शिकवलं होतं. तालमीला बसलं की ते विचारायचे, राजाने सेनापतीला का मारलं? पोरं म्हणायची, दुष्ट होता म्हणून. मास्तर मान हलवायचे. ते म्हणायचे, दुष्टपणासाठी दुष्टपणा कुणी करत नाही, ज्याला त्याला काहीतरी हवं असतं. राजाला काय हवंय ते शोधा, मग त्याचं वाक्य तुमच्या तोंडी बसेल. बाईबद्दल विचारायचे, ही इतकी वर्षं का थांबली? पहिल्याच दिवशी सुरा का नाही खुपसला? मी म्हटलं, पहिल्या दिवशी तिला नुसता राजा मरायला हवा होता, नंतर तिला तो कशासाठी मरतोय हे सगळ्यांना कळायला हवं होतं. मास्तरांनी खिशातून गोळी काढून दिली. माझी नात आता नाटकाच्या शिबिरांना जाते आणि मला पात्राचं मोटिव्हेशन समजावून सांगते. मी ऐकून घेते. आम्ही ते मासळी वाळवायच्या खळ्यावर, फाटक्या चटईवर बसून, डास मारत शिकलो होतो.

तर राजाला काय हवंय हे शोधता शोधता काकाने आमची कव का घेतली तेही मला कळलं. त्याचा थोरला मुलगा बोईसरला कामावर जातो म्हणून घर सोडायला निघाला होता. दुसरी कव मिळाली तर तो घरी राहणार होता, स्वतःची होडी घालणार होता. म्हणजे काकाने आमचं तोंडचं काढलं ते आपलं पोर डोळ्यांसमोर राहावं म्हणून. कळलं. आणि कळल्यावर माझा राग कणभरही कमी झाला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण समोरच्याचं कारण समजलं की राग निवतो असं हल्ली फार सांगत फिरतात. त्याचं पोर त्याच्याजवळ राहावं म्हणून माझ्या भावाने परक्याच्या वलांडीखाली मोठं व्हायचं, हे मला कारण समजल्यावर जास्तच झोंबलं.

होळी जवळ आली तशी नाटकमंडळाची बैठक झाली. मंडळाचा मुख्य काकाच. मंडळातले म्हणाले, सणाच्या दिवशी बाईच्या हातून राजा मरतो हे बरं दिसत नाही, दर्याला जाणारी माणसं आहेत, अपशकून होईल. तेव्हा शेवट बदला. बाईने तबक राजापुढे ठेवावं, पण ठेवताना तिचा हात कापावा, तिला पश्चात्ताप व्हावा, आणि तिने राजाच्या पायांवर डोकं ठेवावं. राजाने पेला उचलून विष ओतून द्यावं आणि तिला मोठ्या मनाने क्षमा करावी. मास्तर आधी लालबुंद झाले, मग घरी जाऊन नवा शेवट लिहून आणला. पडद्याचं शीड काकाचं, फळ्या काकाच्या, तालमींच्या दिव्याबत्तीचा खर्च काकाचा. मी त्यांना विचारलं, की मास्तर, हिला अचानक पश्चात्ताप कसा झाला? तुम्हीच म्हणता ना, कारण पाहिजे. ते चष्मा पुसत म्हणाले, सुमन, जुन्या नाटकांतसुद्धा सूड घेणारा शेवटी नष्ट होतोच, तो नियम आहे. आपण तिला मारायच्याऐवजी नमवतोय, एवढंच. मला तो नियमही तेव्हाच पटला नव्हता. सूड घेणारी माणसं शेवटच्या अंकात का मरतात, तर बघणाऱ्यांना घरी जाऊन शांत झोप लागावी म्हणून. ज्यांच्याकडे किल्ले असतात त्यांच्यासमोर ती नाटकं होत असणार, दुसरं काय.

पण त्या नव्या शेवटाने मला दोन गोष्टी दिल्या. एक, काकाने मला हे काम का करू दिलं त्याचं उत्तर. बाबांची पोर गावासमोर त्याच्या पायांवर डोकं ठेवणार होती आणि तो तिला क्षमा करणार होता. मग कवीबद्दल बोलायला कुणाची जीभ रेटली असती? आणि दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती तालमीतच. काका पेला उचलायचा तेव्हा तबकाकडे बघायचाच नाही. त्याचं लांबलचक भाषण असायचं, दयेवर. तो छाती काढून लोकांकडे बघत बोलायचा, बोलता बोलता वाकायचा, रुमालाखाली हात घालायचा आणि वर काढायचा. दर तालमीत तसंच. मी ते बघितलं, आणि पुढच्या तालमीला नुसते त्याचे हात बघत राहिले.

घरी जाऊन मी आयला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, पेल्याच्या जागी नारळ ठेवते. ती थापायची थांबली नाही. तिने विचारलं, त्याने नाय उचलला तर? मी म्हटलं, उचलील. ती म्हणाली, नाय उचलला तर जमातीची थट्टा केली म्हनून वालीत टाकतील आपल्याला, पानी भरायला कोनी देनार नाय, बंदरावर मासली कोनी देनार नाय. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिने ते असं एकेक करून मांडल्यावर मी घाबरले. खरंच घाबरले. मी म्हटलं, मग नको करू का? तिने तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि फडक्यात बांधलेला नारळ घेऊन आली. म्हणाली, दुकानातला नको, घरचाच लागतो. एवढंच बोलून ती पुन्हा पिठाला लागली.

नाटक दुपारी होतं, कारण पुढच्या भरतीला होड्या सुटायच्या होत्या. खळ्यावरच्या वलांड्या काढून फळ्यांचा मंच केला होता, मागे काकाच्या होडीचं शीड. गाव लोटलं होतं, मुरब्याहूनही माणसं आली होती. पुढे जाजमावर पाटील आणि पंच, त्यांच्यामागे पुरुष, आणि बायका एका अंगाला, टोपल्या उलट्या घालून त्यांच्यावर बसलेल्या. ऊन असं की तोंडाला फासलेला सफेदा वितळून मानेवर येत होता. काकाने मखमली कोट घातला होता आणि त्या दिवशी त्याने काम फार छान केलं, हेही सांगायला हवं. सेनापतीला मारल्यावर तो एकटा बोलतो त्या प्रवेशाला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बायका माझ्या प्रवेशांना नुसत्या डोळे वटारून बघत होत्या. त्यांच्या लेखी मी सेनापतीण नव्हतेच, मी दांडीची सुमी होते, आणि सुमी दामूला जाब विचारतेय हे त्यांना पहिल्या अंकातच कळून चुकलं होतं. माझं वाक्य होतं, ‘माझ्या धन्याची जागा कोणी कोणाला दिली?’ ते म्हटल्यावर बायकांतून एक जुनी आजीबाई मोठ्याने म्हणाली, तेच तं विचारतोय आमी. पुरुषांतून कुणी हसलं नाही.

मग तो शेवट. मी रुमालाने झाकलेलं तबक घेऊन आले. हात खरोखरच कापत होते, मास्तर विंगेतून खूश होऊन मान हलवत होते. मी तबक काकाच्या पायांशी ठेवलं. आता मी वाकायचं होतं. मी वाकले नाही. दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभी राहिले. काकाने एकदा कपाळाला आठी घातली, त्याला वाटलं पोर विसरली. पण त्याचं भाषण सुरू झालं होतं आणि लोकांकडे तोंड होतं. तो दयेवर बोलत गेला, बोलत बोलत वाकला, रुमालाखाली हात घातला. तिथे त्याच्या हाताला पेल्याऐवजी नारळ लागला. डोकं थांबलं असणार, पण हात थांबला नाही. आमच्या माणसांना लहानपणापासून सवय, हातात नारळ आला की दुसरा हात आपोआप खालून जातो आणि दोन्ही हात कपाळाकडे जातात. होडी पाण्यात लोटताना, दर्याला नमस्कार करताना, लग्नात, मयतात, तेच. दामूकाकाने भर उन्हात, मखमली कोटात, वाक्य अर्धवट सोडून तो नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि कपाळाला लावला. आणि मग त्याचे डोळे उघडले.

मला लाटेचा आवाज ऐकू येत होता. काकाने नारळ खाली आणला, माझ्याकडे बघितलं, मग पाटलांकडे बघितलं आणि हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, नाटक हाय. पाटील काठी टेकत उठले. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते फळ्यांच्या अगदी जवळ आले.

‘नारल नाटकातला हाय का?’ त्यांनी मला विचारलं.

‘नाय,’ मी म्हटलं. ‘आमच्या घरातला हाय.’

‘काय मागतेस?’

‘बाबांची कव.’

काका ओरडला, बायकांचा नारल जमात धरीत नाय, पाटील, तुमीच सांगितलंय. पाटील म्हणाले, ‘मी धरला नसता दामू. तू धरलास.’ आणि ते वळून आपल्या जाग्यावर जाऊन बसले. पंचांपैकी एकाने टोपी काढून पुन्हा घातली. बायकांच्या बाजूला कुणीतरी टोपली सरळ करून उठलं, मग दुसरी उठली, आणि बघता बघता सगळ्या उठून आपापल्या घरी चालू लागल्या. बैठक उठली की उठतात तशा. नाटकाची भैरवी झालीच नाही. विंगेत मास्तर हातात वही घेऊन उभे होते, चेहरा पांढराफटक. मला म्हणाले, तू माझं नाटक मोडलंस. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही मोडलं होतंत, मी जोडलं. त्यांनी माझ्या कानशिलात द्यायला हात उचलला आणि तसाच आपल्या कपाळावर मारून घेतला. पुढे ते पालघरला गेले. कधी भेटले की आवर्जून विचारायचे, पण तुझ्या बाईचा शेवट काय? ती मरत नाही, नमत नाही, मग शोकनाटक कसं म्हणायचं याला? मी म्हणायची, नका म्हणू.

काकाने कव सोडली. न सोडून सांगतो कुणाला. त्याचा थोरला बोईसरला गेला आणि तिकडचाच झाला. काकी वर्षानुवर्षं मला बघून दार लावून घ्यायची. लोकांनी मला सांगितलं की बघ, तुझ्यापायी एका बापाचं पोर लांब गेलं. त्याचं मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण म्हणून मी कधी त्यांच्या दारी जाऊन माफी मागितली नाही, मागणारही नाही. त्याला पोर जवळ हवं होतं तर त्याने स्वतःची कव त्याला द्यायची होती. मला त्या दिवशी दामूकाकाचा उतरलेला चेहरा हवा होता आणि तो मला मिळाला. मी तो पोटभर बघितला.

आयला मात्र तो चेहरा नको होता, हे मला उशिरा कळलं. पाऊस सरला, नारळी पुनव झाली, आणि नव्या मोसमाचे खुंट रोवायच्या आधीची जमातीची बैठक देवळापुढे बसली. या बैठकीत एकेका घराचं नाव पुकारतात, त्या घरचा पुरुष हो म्हणतो, की त्याची कव त्या सालासाठी पक्की. आम्ही बायका-पोरी देवळाच्या मागच्या दगडी गडग्याआडून बघत होतो, बायकांनी तिथूनच बघायचं असतं. आमच्या घरासाठी पाटील स्वतःच हो म्हणतील, मग मामा मुरब्याहून माणसं घेऊन येईल, असं आत ठरलं होतं. मी खुशीत होते. काका एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, माझं लक्ष सगळं त्याच्याकडे. आमच्या घराचं नाव पुकारलं. पाटलांनी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारून आवाज आला.

‘हाय.’

आय होती. पदर खोचला, गडग्याला वळसा घालून ती चालत पुढे गेली आणि पुरुषांच्या गोलाच्या कडेला जाऊन उभी राहिली. अख्ख्या जमातीत असं कुणी पाहिलं नव्हतं. एक पंच म्हणाला, बाय, तू घरी जा, तुजं काम झालं हाय, बायको मानूस हितं बसत नाय. आयने आवाज चढवला नाही. बोईसरच्या बाजारात भाव सांगावा तशी ती म्हणाली, ‘मग शिमग्याला नारल कोनाचा धरलात? तो खोटा असंल तं कव दामूची. खरा असंल तं मला बसायला जागा द्या.’

पाटील खाली बघत होते, पंच एकमेकांकडे बघत होते, आणि आय उभीच होती. तिला घाई नव्हती. खूप वेळाने त्या कोपऱ्यातून दामूकाका आपली घोंगडी ओढून थोडा बाजूला सरकला. मग त्याच्या शेजारचा सरकला, मग त्याच्या पलीकडचा, आणि गोलात एका माणसाएवढी जागा झाली. आय तिथे बसली.